रिमोट डेस्कटॉपमधली लिंक आणि फाइल आपल्या पीसीवर उघडत नाही: रोज उद्भवणारी अडचण आणि तिचा कायमचा बंदोबस्त

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते: "काल चालत होतं, आज माझा ड्राइव्ह दिसतच नाही."

अकाउंट्सची कामं करणाऱ्या ऑफिसांत एक मांडणी आता सर्रास दिसते. हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि सगळ्या पार्ट्यांचा डेटा एका विंडोज सर्व्हरवर असतो. मंडळी आपापल्या पीसीवरून, काही घरूनसुद्धा, रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करतात. एंट्र्या मारायला काही त्रास नसतो. अडतं ते पुढे. सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या त्या खिडकीत, आलेल्या मेलमधली लिंक दाबली की ती सर्व्हरच्या ब्राउझरमध्ये उघडते. सॉफ्टवेअरमधून काढलेली पीडीएफ, एक्सेल किंवा जेसन फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर जाऊन बसते. आपल्याला ती हवी असते समोरच्या पीसीवर, कारण प्रिंटर तिथे, व्हॉट्सॲप तिथे आणि डिजिटल सहीचं टोकनही तिथेच खोचलेलं.

या टोकनामुळे प्रश्न निव्वळ सोयीचा राहत नाही. जीएसटी पोर्टलवर सही करताना एमसायनर लागतो. हा प्रोग्रॅम ब्राउझरशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो, म्हणजे ब्राउझर ज्या मशीनवर चालतोय त्याच मशीनवर तो शोधला जातो. एका मशीनवर एक पोर्ट (प्रोग्रॅमशी बोलायचं क्रमांकाचं दार) एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. सर्व्हरवर आठ जण लॉगिन असतील आणि त्यातल्या दोघांनी सेशनमध्येच सही करायला घेतली, तर ज्याने आधी सुरू केलं त्याचं चालतं आणि दुसरा बसून राहतो. शिवाय टोकन सर्व्हरच्या यूएसबीत खोचून उपयोग नाही, कारण रिमोट सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्ड (सहीचं टोकन त्यातच मोडतं) शोधते ते तुमच्या पीसीला लावलेलं, सर्व्हरला लावलेलं सेशनमधून दिसतच नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: पोर्टल आपल्या पीसीवरच्या ब्राउझरमध्ये उघडावं, सर्व्हरवरून फक्त फाइल इकडे आणावी. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरताना धावपळ व्हायची नसेल, तर ही वाट आधीच नीट बांधून ठेवायला हवी.

बांधलेली वाट पुन्हा पुन्हा का मोडते, त्याचं मूळ एका गोष्टीत आहे. तुमचा कुठला ड्राइव्ह, क्लिपबोर्ड (कॉपी-पेस्टची सोय), प्रिंटर सेशनमध्ये जाणार हे कनेक्ट करण्याच्या क्षणी ठरतं. सेशन उघडल्यावर आत कितीही शोधाशोध केली तरी त्या क्षणी जे गेलं नाही ते सहसा मिळत नाही. त्यामुळे तपासाची सुरुवात आपल्या पीसीवरून, कनेक्ट होण्याच्या आधीच्या खिडकीतून करायची.

आधी एक छोटी चाचणी

सेशनमध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा आणि वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन टीएसक्लायंट असं टाइप करा, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता; सेशनमध्ये तुमच्या पीसीचं नाव हेच. तुमच्या पीसीचे जे ड्राइव्ह सेशनला दिलेत ते तिथे त्यांच्या अक्षराने दिसायला हवेत. दिसले तर जोडणी धड आहे आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा मॅप केलेल्या (म्हणजे वेगळं अक्षर जोडून दिलेल्या) ड्राइव्हमध्ये आहे, त्याकडे पुढे येऊ. दिसले नाहीत तर आणखी एक करून बघा: त्याच सर्व्हरवर शेजारच्या पीसीवरून, त्याच्या स्वतःच्या लॉगिनने जा. तिथे ड्राइव्ह येत असेल तर दोष तुमच्या पीसीवर, कुणाचाच येत नसेल तर सर्व्हरवर. एवढ्याने निम्मं काम हलकं होतं, आणि उगाच सर्व्हर रीस्टार्ट करून सगळ्यांचं काम थांबवायची वेळ येत नाही.

दोष आपल्या पीसीवर असेल तर

रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, "शो ऑप्शन्स" दाबा, "लोकल रिसोर्सेस" टॅबवर जा. खाली "क्लिपबोर्ड"ची टिक आहे आणि शेजारी "मोअर" बटण. त्यात "ड्राइव्ह्ज"समोरचं अधिकचं चिन्ह उघडून हवा तो ड्राइव्ह टिक करा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गोची पुढे आहे. इथे केलेला बदल जातो डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये लपून असलेल्या डीफॉल्ट नावाच्या आरडीपी फाइलमध्ये, म्हणजे कनेक्शनच्या सेटिंग साठवणाऱ्या फाइलमध्ये. तुम्ही मात्र रोज डेस्कटॉपवरच्या "ऑफिस सर्व्हर" आयकॉनवर डबल क्लिक करता, आणि तो आयकॉन म्हणजे वेगळी साठवलेली आरडीपी फाइल असते. तिच्या सेटिंग तिच्यापुरत्या. त्यामुळे टिक करून "कनेक्ट" दाबलं त्या दिवशी ड्राइव्ह दिसतो, दुसऱ्या दिवशी सवयीने आयकॉन दाबला की गायब. उपाय सोपा: त्या आयकॉनवरच राइट क्लिक, "एडिट", टिक करा, "जनरल" टॅबवर येऊन "सेव्ह". आणि डेस्कटॉपवर एकाच सर्व्हरचे तीन-तीन आयकॉन असतील तर दोन काढून टाका.

याहून फसवं कारण म्हणजे कनेक्ट करताना येणारी इशाऱ्याची खिडकी. आरडीपी फाइलवर सही नसेल तर विंडोज विचारते की या कनेक्शनवर भरवसा आहे का, आणि तपशिलात ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर यांच्या टिक असतात. घाईत कुणी ड्राइव्हची टिक काढतं आणि "पुन्हा विचारू नका"वर टिक करून मोकळं होतं. झालं, त्या सर्व्हरच्या नावापुढे ही निवड कायमची नोंदली जाते. नंतर आरडीपी फाइलमध्ये कितीही टिक करा, ड्राइव्ह येत नाही. ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, असते: करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, टर्मिनल सर्व्हर क्लायंट आणि त्याखाली लोकलडिव्हायसेस. तिथली तुमच्या सर्व्हरच्या नावाची एक नोंद काढली की खिडकी पुन्हा विचारते. नोंद सर्व्हरच्या नावानुसार असल्यामुळे एक गंमतीचा अनुभव येतो: आयपी टाकून गेलं तर ड्राइव्ह दिसतो, नावाने गेलं तर नाही. असं दिसलं की दुसरं काही न शोधता थेट ही जागा बघावी.

अख्खा सी ड्राइव्ह देऊ नका

बरेच जण वैतागून सगळ्या ड्राइव्हवर टिक करतात. ते टाळा. ड्राइव्ह दिला म्हणजे सेशनमध्ये चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला तुमच्या डिस्कवर वाचायची-लिहायची मुभा मिळाली. सर्व्हरवर फाइली लॉक करणारं रॅन्समवेअर शिरलं तर ते त्याच वाटेने तुमच्या फाइलीही लॉक करू शकतं. आणि धोका उलट बाजूनेही असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मिडनाइट ब्लिझर्ड या टोळीची मोहीम उघड केली होती. तिच्यात लोकांना मेलने आरडीपी फाइली पाठवल्या जात, आणि त्या उघडल्या की समोरच्याचे ड्राइव्ह, क्लिपबोर्ड सगळं हल्लेखोराच्या सर्व्हरला जोडलं जाई. त्यामुळे मेलमधून आलेली आरडीपी फाइल, ती ओळखीच्या नावाने आली तरी, फोन करून खात्री केल्याशिवाय उघडायची नाही.

विंडोजची खिडकी अख्खे ड्राइव्हच निवडू देते, एखादं फोल्डर निवडू देत नाही. त्यावर जुना आणि चोख उपाय आहे. आपल्या पीसीवर एक फोल्डर करा, नाव "देवघेव" ठेवा हवं तर. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये सब्स्ट ही कमांड, एक जागा सोडून एक्स आणि कोलन, पुन्हा एक जागा सोडून त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, असं देऊन एंटर करा. त्या फोल्डरला एक्स ड्राइव्हचं रूप येतं आणि "मोअर"च्या यादीत तो इतर ड्राइव्हसारखा दिसतो. तेवढ्या एकट्यावर टिक करा. सेशनला तुमच्या पीसीवरचं फक्त ते फोल्डर दिसेल, बाकी काही नाही.

आणि "काल होतं, आज नाही" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण इथेच लपलेलं आहे. सब्स्टने केलेला ड्राइव्ह पीसी बंद केला की जातो. सकाळी चालू केल्यावर तो परत करावा लागतो, आणि सेशनला कनेक्ट होण्याच्या आधी. तीच एक ओळ नोटपॅडमध्ये लिहून बॅच फाइल म्हणून साठवा आणि स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. मग लॉगिन केल्यावर ती आपोआप चालते. ही बॅच फाइल "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करू नका. ॲडमिन म्हणून केलेला ड्राइव्ह तुमच्या साध्या लॉगिनला दिसत नाही, आणि मग फाइल चालली, चूक आली नाही, तरी ड्राइव्ह नाही असा गोंधळ होतो.

मॅकवर हा सगळा खटाटोप नको. मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये, ज्याचं नाव २०२४ पासून "विंडोज ॲप" झालं, त्या पीसीच्या सेटिंगमध्ये "फोल्डर्स" टॅब आहे, तिथे थेट फोल्डर निवडता येतं.

सेशन एकच, पण पीसी दोन

दिवसा ऑफिसमधून काम करायचं, खिडकीच्या फुलीवर क्लिक करून निघायचं आणि रात्री घरून पुन्हा शिरायचं, ही सवय बहुतेकांना असते. फुलीने सेशन संपत नाही, नुसतं सुटतं. आतले प्रोग्रॅम तसेच चालू राहतात. रात्री तुम्ही घरच्या लॅपटॉपवरून त्याच सेशनमध्ये परत येता तेव्हा टीएसक्लायंट म्हणजे आता घरचा लॅपटॉप असतो. सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टचा पत्ता एक्स ड्राइव्हचा दिलेला असेल आणि लॅपटॉपवर एक्स नसेल, तर चूक येणारच. दोन्ही ठिकाणी तेच अक्षर, तोच सब्स्ट, तीच टिक ठेवली की हा त्रास संपतो. फक्त लक्षात ठेवा, फाइल ज्या मशीनसमोर तुम्ही बसला आहात तिथे पडते. रात्री काढलेली पीडीएफ सकाळी ऑफिसच्या पीसीवर शोधू नका.

एका सेशनमधून दुसऱ्या सर्व्हरवर गेला असाल तर तिथेही असंच. दुसऱ्या सर्व्हरला टीएसक्लायंट म्हणून मधला सर्व्हर दिसतो, तुमचा पीसी नाही. फाइल आधी मधल्यावर, मग तिथून आपल्याकडे, अशी दोन टप्प्यांतच येते.

आता सॉफ्टवेअरला ड्राइव्ह दिसत नाही याबद्दल. काही जुन्या प्रोग्रॅमना बॅकस्लॅशवाले नेटवर्क पत्ते आवडत नाहीत, म्हणून आपण सेशनमध्ये टीएसक्लायंटच्या एक्सला झेड असं अक्षर मॅप करतो. एक्सप्लोररमध्ये झेड दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या यादीत नसतो. अशा वेळी सॉफ्टवेअरचा आयकॉन "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"वर ठेवलेला आहे का ते बघा. ॲडमिन म्हणून चाललेल्या प्रोग्रॅमला साध्या लॉगिनने मॅप केलेली अक्षरं दिसत नाहीत. खरंच ॲडमिन हक्कांची गरज नसेल तर ते काढा. बहुतेक ठिकाणी ते कधीतरी इन्स्टॉलच्या दिवशी लावलेलं आणि नंतर विसरलेलं असतं.

दोष सर्व्हरवर असेल तर

इथे ॲडमिनचे हक्क लागतात, तेव्हा ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना हा भाग दाखवा. ग्रुप पॉलिसीमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट आणि त्यात "डिव्हाइस अँड रिसोर्स रिडायरेक्शन" असा रस्ता आहे. तिथल्या "डू नॉट अलाउ ड्राइव्ह रिडायरेक्शन" आणि "डू नॉट अलाउ क्लिपबोर्ड रिडायरेक्शन" या दोन ओळी बघा. "एनेबल्ड" असतील तर बंदी चालू आहे. नाव उलट अर्थाचं असल्यामुळे "चालू करायचं ना" म्हणून "एनेबल्ड" करणारे पुष्कळ भेटतात. बदल केल्यावर सगळ्यांनी एकदा डिस्कनेक्ट होऊन परत यायचं, चालू सेशनवर तो लागत नाही.

पॉलिसी ठीक असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत "रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस युजरमोड पोर्ट रिडायरेक्टर" शोधा. ड्राइव्ह, प्रिंटर आणि पोर्ट सेशनमध्ये आणायचं काम याचं. सर्व्हर अपडेट होऊन रीस्टार्ट झाल्यावर सगळ्यांचेच ड्राइव्ह आणि प्रिंटर एकदम गेले असतील तर ही सर्व्हिस थांबलेली असण्याचा दाट संभव आहे. ती सुरू करा, पुन्हा कनेक्ट व्हा.

ज्यांचा पीसी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३६५ वर आहे त्यांच्यासाठी वेगळी सूचना: २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे नव्याने दिलेल्या क्लाउड पीसीवर क्लिपबोर्ड, ड्राइव्ह, यूएसबी आणि प्रिंटर हे सगळं मुळातच बंद येतं. तिथे बिघाड शोधत बसू नका, ॲडमिनकडून ते मुद्दाम उघडून घ्यावं लागतं.

लिंकचं काय

साध्या रिमोट डेस्कटॉपमध्ये लिंक परस्पर आपल्या पीसीवर उघडण्याची सोयच नाही. ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर, आवाज, स्मार्ट कार्ड यांच्यासाठी वाटा आहेत, लिंकसाठी नाही. सिट्रिक्स आणि होरायझन या दूरच्या डेस्कटॉपसाठीच्या दुसऱ्या प्रणालींमध्ये अशी सोय मिळते, पण ती प्रशासकाला मांडून द्यावी लागते. म्हणून सेशनमधल्या डीफॉल्ट ब्राउझरच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

आपल्या हाती उरतो क्लिपबोर्ड, आणि तो पुरेसा आहे. सेशनमध्ये लिंकवर राइट क्लिक करून कॉपी, आपल्या पीसीच्या ब्राउझरमध्ये पेस्ट. दाबून उघडण्यापेक्षा हे बरंच, कारण पेस्ट केल्यावर पत्ता डोळ्यांसमोर येतो आणि एंटर करण्याआधी तो खरंच सरकारी पोर्टलचा आहे का हे वाचता येतं. जीएसटी किंवा आयकराच्या नावाने येणारे फसवे मेल बघता तेवढा क्षण द्यायलाच हवा.

क्लिपबोर्ड मधेच मरतो ही मात्र जुनी तक्रार. इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होत नाही, जुनंच काहीतरी येतं. सेशनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एंड दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात "आरडीपी क्लिपबोर्ड मॉनिटर" म्हणजेच आरडीपीक्लिप नावाचा प्रोग्रॅम शोधा, तुमच्या लॉगिनचाच आहे हे बघून तो बंद करा. मग विंडोज आणि आर दाबून तेच नाव इंग्रजीत टाइप करून पुन्हा सुरू करा. सेशनमधून बाहेर पडायची गरज नाही. हे रोज होत असेल तर तुमच्या पीसीवर क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारं एखादं वेगळं सॉफ्टवेअर चालू आहे का, किंवा एका वेळी दोन-तीन रिमोट खिडक्या उघड्या असतात का, ते तपासा. क्लिपबोर्ड एका वेळी एकाच्याच ताब्यात असतो आणि ओढाताणीत तो अडकतो.

लिंक वारंवार नेआण करायच्या असतील, तर सेशनमधल्या ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतलं छोटं चिन्ह माउसने ओढून एक्स ड्राइव्हच्या खिडकीत सोडा. बहुतेक ब्राउझरमध्ये त्याने शॉर्टकटची फाइल तयार होते, आणि आपल्या पीसीवर देवघेव फोल्डरमध्ये तिच्यावर डबल क्लिक केलं की पान आपल्या ब्राउझरमध्ये उघडतं.

एका प्रकारची लिंक इकडे आणून चालत नाही. पत्त्याची सुरुवात लोकलहोस्टने किंवा १२७.०.०.१ ने होत असेल तर ती ज्या मशीनवर तयार झाली तिथेच उघडायची. आपल्या पीसीवर पेस्ट केली तर ब्राउझर आपल्याच पीसीत शोधेल आणि "साइट सापडत नाही" म्हणेल. काही सॉफ्टवेअर लॉगिनसाठी ब्राउझर उघडतात आणि शेवटी याच पत्त्यावर परत येतात. त्यांचं लॉगिन सेशनमध्येच पूर्ण करा.

रोजच्या कामाची घडी

मी बसवून देतो ती पद्धत अशी. सेशनमध्ये विंडोज आणि आर दाबून सेंडटू फोल्डर उघडायचं, शेल, कोलन आणि सेंडटू असं लिहून. त्यात टीएसक्लायंटच्या एक्सचा शॉर्टकट टाकायचा. आता सर्व्हरवरच्या कुठल्याही फाइलवर राइट क्लिक करून "सेंड टू"मध्ये तो निवडला की फाइल आपल्या पीसीवरच्या देवघेव फोल्डरमध्ये. रिटर्नची जेसन फाइल अशी इकडे येते, पोर्टल आपल्या ब्राउझरमध्ये उघडलेलं असतं, अपलोड इथून, टोकन इथे, सही इथे. सर्व्हरवर फक्त हिशोब.

मोठ्या फाइलींचं एक पथ्य आहे. बॅकअपसारखी फाइल कॉपी-पेस्टने आणू नका. दोन जीबीच्या वरची फाइल क्लिपबोर्डने नेताना काहीही न सांगता फसते, अशी नोंद मायक्रोसॉफ्टने स्वतः केलेली आहे. ती ड्राइव्हच्या वाटेनेच आणा. आणि उलट दिशेने, कंपनीचा चालू डेटा कधीही टीएसक्लायंटवर ठेवून सॉफ्टवेअरमध्ये उघडू नका. लिहिता लिहिता इंटरनेट गेलं तर अर्धी लिहिलेली डेटा फाइल हातात उरते. एक्सेलही तिथून थेट उघडून काम करण्यापेक्षा आधी कॉपी करून घ्यावी. लवकर उघडते आणि "प्रोटेक्टेड व्ह्यू"चा पिवळा पट्टाही सहसा येत नाही.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारख्या ॲपना वरचं काही लागू नाही. तिथे ड्राइव्ह जोडला जात नाही, फाइल पाठवायची त्यांची स्वतःची खिडकी असते, आणि टीएसक्लायंट शोधून काही मिळणार नाही.

इतकं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल, तर या गोष्टी आधीच लिहून द्या, म्हणजे उत्तर लवकर मिळतं: कुठल्या आयकॉनने कनेक्ट होता, नावाने की आयपीने, टीएसक्लायंट उघडल्यावर नेमकं काय दिसतं, क्लिपबोर्ड चालतो का, शेजारच्या पीसीवरून काय होतं, आणि शेवटचं चाललं तेव्हापासून पीसी किंवा सर्व्हर रीस्टार्ट झाला होता का.